इतिवृत्तात नसलेला निर्णय : चिंतामणराव देशमुखांचा १९५६ चा राजीनामा

मंत्रिमंडळाच्या बैठकीत हा प्रस्ताव आलाच नाही. कागद फिरवून मंत्र्यांची मतंही घेतली गेली नाहीत. ज्यांचा या विषयाशी जवळचा संबंध आहे अशा मंत्र्यांना, उदाहरणार्थ मला, कोणी वेगळं विचारलं नाही. मंत्रिमंडळाच्या एखाद्या समितीची यावर बैठक झाल्याची नोंद नाही. आणि ज्याला निर्णय म्हणतात त्याचा अधिकृत मजकूर आजपर्यंत मंत्र्यांच्या हाती पडलेला नाही.

लोकसभेत २५ जुलै १९५६ रोजी मावळत्या अर्थमंत्र्यांनी केलेल्या निवेदनाच्या मधल्या भागाचा हा आशय. मुंबई शहर महाराष्ट्रापासून तोडायला निघालेलं सरकार, रस्त्यावर पडलेली माणसं, पेटलेला प्रदेश अशी पार्श्वभूमी असताना मराठी मंत्री राजीनामा देताना काय बोलेल याची आपली एक कल्पना असते. शिवाजी महाराज येतील, सह्याद्री येईल, रक्त येईल. इथे आलं ते इतिवृत्त. बैठक झाली का, नोंद आहे का, मजकूर कुठे आहे? कचेरीत वीस वर्षं घालवलेल्या माणसाला पडणारे हे प्रश्न आहेत.

स्पर्धा परीक्षांच्या नीतिशास्त्राच्या पेपरात हल्ली प्रकरण अभ्यास विचारतात. 'तुम्ही एका जिल्ह्याचे जिल्हाधिकारी आहात' अशी सुरुवात, चार पर्याय, आणि बहुतेक वेळा बरोबर उत्तर कोणतं ते वाचतानाच कळतं. देशमुखांचं प्रकरण तसं नाही. त्यात उशीर आहे, हेतूंची सरमिसळ आहे, आणि दुसऱ्या वाटेने गेलेल्या माणसाला जास्त यश मिळालेलं आहे. म्हणूनच ते सविस्तर मांडण्यासारखं वाटतं.

आधीची चाळीस वर्षं

चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ चा, रायगडाच्या पायथ्याजवळच्या नाते गावचा. घराणं रोह्याचं, वडील वकील. १९१२ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. त्या काळी ही शिष्यवृत्ती म्हणजे घराण्याच्या नावाला लागलेला तुरा असे, नातवंडांपर्यंत सांगितला जाणारा. पुढे केंब्रिजच्या जीझस कॉलेजात त्यांनी निसर्गविज्ञानाची पदवी घेतली, त्यातही वनस्पतिशास्त्रात बक्षीस मिळवलं. मग लंडनला आय.सी.एस.ची परीक्षा दिली. तिथेही पहिला नंबर.

याच सुमाराला लोकमान्य टिळक चिरोल खटल्यासाठी (व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकारावर त्यांनी भरलेल्या बदनामीच्या दाव्यासाठी) लंडनमध्ये होते. आय.सी.एस. सोडून चळवळीत यावं का, हे विचारायला देशमुख त्यांच्याकडे गेले होते, ही आठवण त्यांच्याबद्दलच्या लेखनात येते. टिळकांनी त्यांना नोकरीत जायला सांगितलं. राज्य कसं चालवायचं हे शिकलेली माणसं स्वराज्यालाही लागणारच आहेत, असं त्या सल्ल्यामागचं गणित. असहकाराच्या उंबरठ्यावरचा हा सल्ला आज वाचताना थोडा दचकवतो. पण टिळक व्यवहार जाणणारे होते.

नोकरीची वीस वर्षं मध्य प्रांत आणि वऱ्हाडात गेली. रायपूरकडे त्यांनी जमीन महसुलाची बंदोबस्त मोजणी केली. बंदोबस्त अधिकाऱ्याचं काम म्हणजे गावोगाव तंबू ठोकून शेताचा कस, पीक, हक्क आणि वाद कागदावर उतरवायचं. एखादी नोंद चुकली तर पुढची तीस वर्षं एखादं कुटुंब त्याची किंमत मोजतं, हे तिथे कळतं. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेला ते सचिवालयाच्या कामासाठी गेले होते. १९३९ मध्ये रिझर्व्ह बँकेत आले, चार वर्षांत, ११ ऑगस्ट १९४३ रोजी, गव्हर्नर झाले. त्या खुर्चीत बसलेले पहिले भारतीय. त्यांच्याच कारकिर्दीत जगाची नवी चलनव्यवस्था ठरवणारी ब्रेटन वुड्सची परिषद झाली, फाळणी झाली, काही काळ एकच बँक दोन देशांचा चलनव्यवहार सांभाळत होती, आणि १ जानेवारी १९४९ ला बँकेचं राष्ट्रीयीकरण झालं. या सगळ्याच्या मधल्या फटीत त्यांनी कालिदासाचं 'मेघदूत' मराठीत आणलं. गव्हर्नरला एवढा वेळ कसा मिळतो, हा प्रश्न मला नेहमी पडतो. त्याचं उत्तर बहुधा असं की काही माणसांना तो मिळत नाही, ती तो काढतात.

जून १९५० मध्ये जॉन मथाई यांच्यानंतर ते केंद्रीय अर्थमंत्री झाले. म्हणजे पक्षातून वर चढत आलेले नव्हेत. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत कुलाब्यातून काँग्रेसच्या तिकिटावर लोकसभेत निवडून आले, पण स्वभावाने ते राहिले अधिकारीच. सहा वर्षांच्या काळात इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली (१ जुलै १९५५), तीही पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडण्याच्या बंधनासह. नवा कंपनी कायदा झाला, आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं. या शेवटच्या गोष्टीकडे पुन्हा यायचं आहे.

जानेवारीतले तीन दिवस

राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ च्या सप्टेंबरअखेर आला. फजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पण्णीकर हे त्याचे सदस्य. गुजरात, सौराष्ट्र, कच्छ, पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाडा मिळून मुंबईसह एक द्विभाषिक राज्य करावं आणि विदर्भ वेगळा ठेवावा, अशी त्यांची शिफारस. ती कोणालाच पटली नाही. नोव्हेंबरमध्ये काँग्रेस कार्यकारिणीने दुसरं सूत्र काढलं : महाराष्ट्र, गुजरात आणि मुंबई शहराचं स्वतंत्र राज्य, अशी तीन राज्यं. २१ नोव्हेंबरला फ्लोरा फाउंटनला मोर्चावर गोळीबार झाला, १५ माणसं मेली.

पुनर्रचनेची सूत्रं प्रत्यक्षात हलवत होते ते चौघे : नेहरू, गोविंद वल्लभ पंत, मौलाना आझाद आणि काँग्रेसचे अध्यक्ष उछरंगराय ढेबर. चौथ्या नावावर क्षणभर थांबावं. ढेबर मंत्रिमंडळात नव्हते. पक्ष आणि सरकार यांच्यामधला उंबरठा किती झिजला होता हे त्या एका नावावरून दिसतं.

१६ जानेवारी १९५६ च्या रात्री नेहरूंनी आकाशवाणीवरून जाहीर केलं की मुंबई केंद्रशासित राहील. त्यानंतरचा आठवडा मुंबईने कसा काढला हे इथे पुन्हा सांगायला नको. आपण ज्यांना संयुक्त महाराष्ट्राचे हुतात्मे म्हणतो त्यांतले फार जण त्या दिवसांतले आहेत.

तीनच दिवसांनी, १९ जानेवारीला, त्याच आकाशवाणीवरून दुसरा एक आवाज ऐकू आला. अर्थमंत्री देशमुख देशाला सांगत होते की आयुर्विम्याचा सगळा धंदा सरकारने ताब्यात घेतला आहे. १५४ भारतीय विमा कंपन्या, १६ परदेशी आणि ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या, मिळून २४५ संस्था एका वटहुकमाने सरकारी व्यवस्थापनाखाली आल्या. कंपन्यांना आधी सुगावा लागला असता तर पैसा रातोरात इकडचा तिकडे झाला असता, म्हणून आतली तयारी गुप्त ठेवली होती.

या दोन भाषणांचं शेजारपण मला फार बोलकं वाटतं. एका भाषणाने देशमुखांच्या मनात राजीनाम्याचा विचार पक्का केला. जानेवारीतच त्यांनी पंतप्रधानांकडे तो देऊ केला होता. दुसरं भाषण त्यांचं स्वतःचं. ज्या सरकारातून बाहेर पडायचं मनात होतं त्याच सरकारच्या वतीने, आवाजात कसलाही कंप न आणता, त्यांनी स्वातंत्र्यानंतरचा एक मोठा आर्थिक निर्णय जाहीर केला. ज्यांना सरकारी नोकरीचा अनुभव आहे त्यांना हे नाटक वाटणार नाही. हातातलं काम हातावेगळं करायचं असतं. मनातलं मनात.

सहा महिने

राजीनामा लगेच बाहेर आला नाही. त्यांना थांबवण्यात आलं, तेही थांबले. २९ फेब्रुवारीला अर्थसंकल्प मांडला गेला, एप्रिलमध्ये दुसरी पंचवार्षिक योजना सुरू झाली, जूनमध्ये आयुर्विमा महामंडळाचा कायदा संसदेने मंजूर केला.

दरम्यान जूनच्या सुरुवातीला मुंबईत काँग्रेसच्या अखिल भारतीय समितीची बैठक भरली आणि तिथे नेहरूंनी सांगितलं की मुंबई पाच वर्षं केंद्राकडे राहील. धोरण पुन्हा जाहीर झालं, तेही पक्षाच्या मांडवात. गोळीबाराची न्यायालयीन चौकशी व्हावी अशी मागणी होती. तीही नाकारली गेली होती. राज्य पुनर्रचनेचं बिल संसदेत येणार, आणि ते आलं की मंत्री म्हणून त्याच्या बाजूने उभं राहावं लागणार. आता थांबण्याला अर्थ उरला नव्हता.

त्यांच्यापुढे काय काय होतं ते पाहू. पदावर राहून आत भांडत राहणं, हा पहिला मार्ग. तो त्यांनी सहा महिने चालवून पाहिला होता. प्रकृतीच्या कारणास्तव गुपचूप निघून जाणं, हा आपल्याकडचा जुना आणि सर्वांना सोयीचा मार्ग. साठ वर्षांच्या माणसाला त्यासाठी डॉक्टरचा दाखलाही सहज मिळाला असता. पद सोडून चळवळीत उतरणं हा तिसरा. त्यासाठी व्यासपीठ तयारच होतं. फेब्रुवारीत पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली होती, आणि तिने अर्थमंत्र्याला डोक्यावर घेतलं असतं. देशमुखांनी यांतलं काहीही केलं नाही. पद सोडलं, कारणं सभागृहात सांगितली, आणि शिवाजी पार्कच्या वाटेला गेले नाहीत.

निवेदनाचा सगळ्यात धारदार भाग सुरुवातीला दिला आहे. पुनर्रचनेबाबतचे निर्णय मंत्रिमंडळाच्या नावाने, पण मंत्रिमंडळाने अधिकार न दिलेल्या मंडळींनी घेतले आणि जाहीर केले. त्यात खुद्द पंतप्रधानही आले. ही पद्धत बेपर्वा आणि घटनाबाह्य आहे, असं त्यांनी म्हटलं. गोळीबाराची चौकशी नाकारण्यात त्यांना महाराष्ट्राविषयीचा आकस दिसला, आणि तेही त्यांनी बोलून दाखवलं. 'आकस' हाच शब्द पुढे मराठी माणसाच्या लक्षात राहिला. इतिवृत्ताचा मुद्दा फार कोणाच्या लक्षात राहिला नाही. हे साहजिक आहे, पण माझ्या मते उलटं व्हायला हवं होतं.

नेहरूंनी हे सगळं फेटाळलं. या विषयावर मंत्रिमंडळात वेळोवेळी बोलणं झालंच होतं, आणि सरकारचं धोरण सांगण्याचा पंतप्रधानाला अधिकार असतो, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता. हे म्हणणंही अगदीच पोकळ नाही. संसदीय पद्धतीत पंतप्रधान हा बरोबरीच्यांतला पहिला की सगळ्यांच्या वरचा, हा वाद इंग्लंडातही कधी मिटला नाही. घटनेचं ७५ वं कलम एवढंच म्हणतं की मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकपणे जबाबदार आहे. देशमुखांचा प्रश्न त्याच्या आधीचा होता : जबाबदारी सामूहिक असेल तर निर्णयही सामूहिक नको का? जो निर्णय मी घेतलाच नाही, ज्याचा कागदही मी पाहिला नाही, त्याचं ओझं माझ्या खांद्यावर कसं?

सरकारी कचेऱ्यांत एक म्हणणं चालतं : जे नस्तीवर, म्हणजे फायलीत, नाही ते घडलंच नाही. बाहेरची माणसं याला लालफीत म्हणून हसतात. पण टिपणी लिहायला लागली की निर्णय घेणाऱ्याला कारण द्यावं लागतं, कारण दिलं की त्याखाली दुसरा कोणीतरी 'असहमत' असा शेरा मारू शकतो, आणि पन्नास वर्षांनी तिसरा कोणी तो वाचू शकतो. दुबळ्या बाजूच्या हातात तेवढंच शस्त्र असतं. मंत्रिमंडळातल्या एकट्या पडलेल्या मंत्र्याला ते लागतं, तसं तलाठ्याच्या दारात उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यालाही. बंदोबस्ताच्या तंबूत बसलेल्या तरुण अधिकाऱ्याला हे कळलं होतं आणि अर्थमंत्री झाल्यावरही तो ते विसरला नाही.

जे खटकतं

आता तीन गोष्टी, ज्यांच्यामुळे हे प्रकरण सरळ राहत नाही.

पहिली उशिराची. पद्धत जानेवारीतच मोडली होती, तर जुलैपर्यंत कसं चाललं? या सहा महिन्यांत मुंबईत माणसं मेली आणि अर्थमंत्री सरकारात होते. अर्थसंकल्प आणि विमा कायदा अर्धवट टाकणं बेजबाबदारपणाचं झालं असतं, हे समर्थन मला निम्मं पटतं. उरलेल्या निम्म्याचं उत्तर माझ्याकडे नाही. एवढं मात्र खरं की त्यांनी हे महिने रेंगाळत घालवले नाहीत. मागे राहिलेलं काम पाहिलं तर हिशोब पूर्ण करून खातं बंद केल्यासारखं दिसतं.

दुसरी हेतूची. समजा, याच चौघांनी मंत्रिमंडळाला न विचारता मुंबई महाराष्ट्राला देऊन टाकली असती, तर देशमुखांनी पद्धतीच्या नावाने राजीनामा दिला असता का? मला नाही वाटत. ते कुलाब्याचे खासदार होते, मराठी होते, मुंबईत शिकले होते. दुखावलेपण होतंच. पण तत्त्व म्हणून मांडलेल्या मुद्द्यामागे भावना आहे एवढ्याने मुद्दा खोटा पडत नाही. देशमुखांचं शिक्षण मला इथे सर्वांत जास्त कामाला आलेलं दिसतं. स्वतःच्या रागातून त्यांनी असा भाग वेगळा काढला जो गुजराती, तमिळ किंवा बंगाली मंत्र्यालाही मान्य करावा लागेल. मग तोच पुढे ठेवला. आकसाचा आरोप केला, पण निवेदनाचा कणा त्यावर उभा केला नाही. वनस्पतिशास्त्रात आधी नमुना वेगळा काढतात, मग नाव देतात. उपमा थोडी ओढूनताणून झाली, मान्य.

तिसरी गोष्ट यशवंतराव चव्हाणांची. १ डिसेंबर १९५५ रोजी फलटणला ते म्हणाले की नेहरू आणि महाराष्ट्र यांत मला नेहरू मोठे वाटतात. त्या वाक्याबद्दल त्यांना जन्मभर ऐकून घ्यावं लागलं. पण तेच आत राहिले, नोव्हेंबर १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले, १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात पक्षाची झालेली दाणादाण त्यांनी पाहिली, ती दिल्लीला समजावली, आणि १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्राचा मंगल कलश आणला. यशाच्या हिशोबाने आत राहणाराच जिंकला. देशमुखांच्या राजीनाम्यानंतर पंधरवडा उलटतो न उलटतो तोच तीन राज्यांचं सूत्र मागे पडलं आणि लोकसभेने द्विभाषिक राज्य स्वीकारलं, हे खरं. पण त्याला चळवळीचा रेटा आणि खासदारांची सह्यांची मोहीम ही कारणं आधी आहेत. राजीनाम्याने मुंबई मिळाली असं म्हणणं इतिहासाला धरून होणार नाही.

मला चव्हाण चूक आणि देशमुख बरोबर, किंवा उलट, असा निकाल द्यायचा नाही. राज्य उभं राहायला दोघंही लागले. फक्त एक फरक नोंदवतो. चव्हाणांचा मार्ग बरोबर होता की नाही हे कळायला १९६० उजाडावं लागलं. देशमुखांचा मार्ग बरोबर होता की नाही हे २५ जुलै १९५६ लाच ठरवता येत होतं, मुंबई कुठेही जावो.

राजीनामा परवडतो कोणाला

ज्याचं सगळं असणं खुर्चीत आहे त्याला खुर्ची सोडणं अवघड जातं, मग तत्त्व कितीही प्यारं असो. देशमुखांना ते जमलं याचं एक साधं कारण असं की त्यांना परत जायला जागा होती. ती शेतीवाडीची किंवा कारखान्याची नव्हती.

त्याच वर्षी ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. ज्या सरकारवर त्यांनी भर सभागृहात घटनाबाह्य वागण्याचा आरोप केला, त्याच सरकारने त्यांना तिथे बसवलं; शिक्षणमंत्री होते मौलाना आझाद, त्या चौघांपैकी एक. आज हे वाचताना विश्वास बसत नाही. पुढची पाच वर्षं ते तिथे होते. त्याच काळात तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम विद्यापीठांमधून रुजू लागला आणि महाविद्यालयीन शिक्षकांच्या पगारश्रेणींचा प्रश्न गांभीर्याने हाती घेतला गेला. १९६२ ते १९६७ ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. ते आले त्याच वर्षी तिथे पत्रद्वारा शिक्षणाचं विद्यालय निघालं, देशातलं त्या प्रकारचं पहिलं. नोकरी करणारी, लग्न झालेली, परगावची, कॉलेजचा उंबरठा न चढू शकलेली हजारो मुलंमुली पुढे त्यातून पदवीधर झाली.

केंब्रिजला शिकलेल्या, सगळीकडे पहिल्या आलेल्या माणसाच्या काळात हे दार उघडलं याचं मला अप्रूप वाटतं. शिक्षणाने आयुष्य घडतं हे सांगताना आपण देशमुखांसारख्यांची उदाहरणं देतो, तेव्हा एक गोष्ट सोयीने विसरतो : त्यांच्या घरात शिक्षण आधीपासून होतं. ते केंब्रिजचे पदवीधर झाले त्याच १९१७ साली कोल्हापुरात शाहू महाराज प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करत होते, कारण त्यांच्या प्रजेतल्या बहुतेकांच्या घरात पाटीसुद्धा नव्हती. लोकसेवेत शिक्षणाचं मोल मोजताना हे दोन्ही पारड्यांत टाकलं पाहिजे. वर बसलेल्याला नकार द्यायची हिंमत शिक्षणाने येते. आणि खाली उभ्या असलेल्याला आपली नोंद वाचता येते.

घरातही विषय तोच होता. १९५३ मध्ये त्यांचा विवाह दुर्गाबाईंशी झाला. दुर्गाबाई संविधान सभेच्या सदस्य होत्या, आंध्र महिला सभेच्या संस्थापक होत्या, आणि १९५८ मध्ये स्त्री-शिक्षणावरच्या राष्ट्रीय समितीच्या अध्यक्ष झाल्या. एकाच घरात विद्यापीठांचा कारभार आणि मुलींच्या शाळागळतीचा प्रश्न, दोन्हींच्या फायली. १९७५ मध्ये दोघांनाही एकाच वर्षी पद्मविभूषण मिळालं.

राजकारण पूर्ण सुटलं असंही नाही. १९५९ मध्ये, ज्या वर्षी त्यांना शासकीय सेवेसाठी मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्यांनी वरच्या पदांवरच्या भ्रष्टाचाराच्या चौकशीसाठी एक कायमचं स्वतंत्र न्यायाधिकरण नेमा असं जाहीरपणे सुचवलं. नेहरूंनी ते मानलं नाही. लोकपालाचा कायदा व्हायला २०१३ साल उजाडलं. १९६९ मध्ये स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांच्या पाठिंब्यावर ते राष्ट्रपतिपदासाठी उभे राहिले आणि तिसरे आले. पहिल्या नंबरची सवय असलेल्या माणसाची ती एकच ठळक परीक्षा, जिच्यात तिसरा नंबर आला. कोणत्याही गटाचे न झाल्याची किंमत शेवटी अशी मतमोजणीत दिसते.

ठाण्यात महापालिकेची एक संस्था आहे, चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्था. तिथे महाराष्ट्रभरची मुलं लोकसेवा आयोगाच्या परीक्षांचा अभ्यास करतात. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर कोण, हा प्रश्न त्यांना पाठ असणारच.

मुंध्रा

विमा राष्ट्रीयीकरणाकडे पुन्हा यायचं आहे असं वर म्हटलं होतं. १ सप्टेंबर १९५६ ला आयुर्विमा महामंडळ कामाला लागलं, तेव्हा देशमुख अर्थमंत्री नव्हते. काही आठवडे नेहरूंनी ते खातं स्वतःकडे ठेवलं आणि ऑगस्टअखेर टी. टी. कृष्णम्माचारी त्या जागी आले.

जून १९५७ मध्ये महामंडळाने हरिदास मुंध्रा या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे सुमारे १ कोटी २४ लाख रुपयांचे शेअर घेतले. कंपन्या डबघाईला आलेल्या होत्या. पैसा पॉलिसीधारकांचा होता. काँग्रेसचेच खासदार फिरोज गांधी यांनी लोकसभेत हे प्रकरण बाहेर काढलं. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्य आयोग बसला, चौकशी मुंबईत आणि उघडपणे झाली, लोकांनी ती ऐकायला गर्दी केली. गुंतवणूक कशी करावी हे पाहण्यासाठी महामंडळाची एक गुंतवणूक समिती होती. हा व्यवहार करण्याआधी तिला विचारलंच गेलं नव्हतं. मंजुरी कोणी दिली, यावर मंत्री एक सांगत होते, अर्थसचिव दुसरं, आणि वाद मिटवील असा कागद मात्र नव्हता.

फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णम्माचारींना पद सोडावं लागलं. दोन वर्षांच्या आत अर्थखात्यातून गेलेले ते दुसरे मंत्री. देशमुख तेव्हा दिल्लीतच, विद्यापीठ अनुदान आयोगात, विद्यापीठांच्या अनुदानाच्या नस्त्या वाचत होते.